चर्चमध्ये लग्न ठरलंय? आरसीआयए, दृढीकरण आणि मॅरेज कोर्सचं परखड परीक्षण

मुंबई-वसईच्या पट्ट्यात कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचं म्हटलं की धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, कार्यालयातून तीन वेगळ्या वाटा दाखवल्या जातात. मॅरेज प्रिपरेशन कोर्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एमपीसी, दोघांनाही करावा लागतो. लहानपणी दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, राहून गेलेल्या कॅथलिकाला त्याची तयारी करावी लागते. आणि दुसऱ्या धर्मातून येऊ इच्छिणाऱ्या जोडीदारासाठी आरसीआयए, म्हणजे प्रौढांना टप्प्याटप्प्याने चर्चमध्ये घेणारा वर्ग, असतो. तिन्ही चालवणारी माणसं वेगळी, वेळापत्रकं वेगळी, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. निकाल आधीच सांगून टाकलेला बरा: आरसीआयए उत्तम, पाचपैकी साडेचार. एमपीसी कामापुरता बरा, तीन. मोठ्यांच्या दृढीकरणाची घाईघाईची तयारी दोनच्या वर जात नाही. ज्यांनी हॉल आधी ठरवला आणि फादरना नंतर गाठलं, त्यांनी या गुणांतून आणखी एकेक वजा करावा.

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज असा की चर्चमध्ये लग्न लावायचं तर बिगर-ख्रिस्ती जोडीदाराला धर्म बदलावाच लागतो. तसं नाही. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्या विवाहाला अडसर आहे (कलम १०८६), पण बिशपांकडून त्यातून सूट मिळते. तिला सगळे डिस्पेन्सेशन म्हणतात आणि तिचा अर्ज धर्मग्रामाचे फादरच पाठवतात. त्यासाठी कॅथलिक जोडीदाराने दोन गोष्टी कबूल करायच्या असतात: आपली श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक पद्धतीने व्हावं म्हणून आपल्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराने हे वचन द्यायचं नसतं. कॅथलिकाने काय कबूल केलंय याची त्याला नीट कल्पना दिलेली असावी, एवढीच अट. प्रत्यक्षात फॉर्म कार्यालयात पाच मिनिटांत भरला जातो आणि त्यात काय लिहिलं होतं ते दुसऱ्या घराला बारशाच्या वेळी कळतं. सहीआधी तो कागद घरी मागून घ्यावा आणि दोन्हीकडच्या आई-वडिलांसमोर मोठ्याने वाचावा.

सरकारी कायदाही आड येत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्याला दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी पुरतं. सूट घेऊन झालेलं लग्न चर्चच्या लेखी पूर्ण वैध असतं, फक्त त्याला 'संस्कार' म्हणत नाहीत. विधी मिस्साविना (पवित्र भाकरीच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या, उपासनेविना) होतो: बायबलमधली वाचनं, प्रवचन, संमती, अंगठ्या, आशीर्वाद. पुढे कधी त्या जोडीदाराने बाप्तिस्मा घेतलाच, तर त्याच क्षणी त्या लग्नाला संस्काराचं रूप येतं, पुन्हा लग्न लावावं लागत नाही. म्हणून 'लग्नाआधी उरकून टाकू' या घाईला चर्चच्या नियमांतही आधार नाही.

धर्मांतर करायचंच असेल, तर कागदावर काय बदलतं ते आधी समजून घ्यावं. आरसीआयएच्या वर्गात हे सहसा सांगत नाहीत, आणि कापलेला अर्धा गुण याचाच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. राखीव जागेवर शिक्षण किंवा नोकरी असेल तर हा मुद्दा सगळ्यांत आधी तपासावा. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अशी अट नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा हक्क शाबूत राहतो. पण कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांची मिळकत वारशाने मिळत नाही, वारसा खुला होताना ती मुलं स्वतः हिंदू असतील तरच मिळते. गावाकडे सामायिक जमीन असेल तर भाऊबंद हे कलम बरोबर शोधून काढतात. उपाय साधा आहे, द्यायची ती मिळकत मृत्युपत्राने द्यावी. इंदूर-भोपाळकडच्या मराठी घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं: मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्मांतराआधी ६० दिवस जिल्हा प्रशासनाला कळवण्याची तरतूद आहे. राज्याराज्यांतले हे कायदे बदलत असतात, तेव्हा वर्गात नाव घालण्याआधी स्थानिक वकिलाला एकदा विचारलेलं बरं. महाराष्ट्रात सरकारी नोंदीत धर्म बदलायचा असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते.

नाव मात्र बदलावं लागत नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव नसावं, एवढंच कॅनन लॉ म्हणतो. सुनीता सुनीता म्हणूनच बाप्तिस्मा घेऊ शकते. हौस असेल तर एखाद्या संताचं नाव चर्चच्या नोंदीपुरतं जोडावं, पण ते आधार, पॅन, पासपोर्टपर्यंत ओढत नेलं की दोन वर्षांची कागदपत्रं पाठीमागे लागतात.

आता आरसीआयए इतका चांगला का, ते. १९७२ साली रोमने प्रौढांच्या ख्रिस्तप्रवेशाचा विधिक्रम नव्याने घालून दिला, त्याचं हे इंग्रजी आद्याक्षरी नाव. तो टप्प्याटप्प्याने चालतो: आधी चौकशीचा काळ, मग औपचारिक स्वीकार, मग महिनोन्‌महिने धर्मशिक्षण, ईस्टरआधीच्या उपवासकाळात शेवटची तयारी, ईस्टरच्या जागरणाला (आदल्या रात्रीच्या विधीला) संस्कार आणि त्यानंतर पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरपासूनच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत, पुन्हा वर्ग. २०२७ चं कॅलेंडर घेऊ. उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे. उपवासकाळाचा पहिला रविवार १४ फेब्रुवारी, त्या सुमारास उमेदवारांची निवड होते आणि हा विधी बिशपांसमोर होतो. २८ फेब्रुवारी, ७ मार्च आणि १४ मार्च या तीन रविवारी परीक्षणाचे विधी, ज्यांना स्क्रुटिनी म्हणतात. बाप्तिस्मा २७ मार्चच्या शनिवारी रात्री, कारण ईस्टर २८ ला आहे. पेन्टेकॉस्ट १६ मे. म्हणजे एप्रिल-मेमध्ये लग्न हवं असेल तर वर्गात आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात नाव गेलेलं असलं पाहिजे. डिसेंबरात जाऊन विचारणाऱ्याला बहुधा पुढच्या वर्षीचा रस्ता दाखवतात, आणि ते बरोबरच आहे.

वर्ग आठवड्यातून एकदा असतात आणि बऱ्याच ठिकाणी ते घेणारे फादर नसून प्रशिक्षित प्रापंचिक स्त्री-पुरुष असतात. हे त्याचं मोठं बळ आहे. प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही, 'मूर्तिपूजा म्हणजे काय' किंवा 'गणपतीला घरी गेलं तर चालेल का' असले अवघड प्रश्न पहिल्याच महिन्यात बाहेर येतात, आणि मध्येच थांबावंसं वाटलं तर कोणी अडवत नाही. कॅनन लॉ प्रौढाच्या बाप्तिस्म्यासाठी स्वतःची स्पष्ट इच्छा, पुरेसं शिक्षण आणि ख्रिस्ती जीवनाची पारख एवढं मागतो (कलम ८६५). १४ वर्षं पूर्ण झालेल्यांचा बाप्तिस्मा बिशपांच्या कानावर घालावा लागतो. 'आमच्या ओळखीचे फादर तीन रविवारांत करून देतात' असं कोणी सांगितलं तर तिथून निघावं. अशा बाप्तिस्म्यात चूक विधीची नसते. चूक अशी होते की लग्नाच्या मिस्साला वधू किंवा वराला कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे आणि हातावर ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादाचं करायचं काय, हेच ठाऊक नसतं, आणि दोन्हीकडचे फोटोग्राफर ते टिपत असतात.

जागरणाच्या रात्रीचे तपशील कामाचे आहेत. विधी अडीच-तीन तासांचा असू शकतो, कारण जुन्या करारातलीच सात वाचनं ठरलेली आहेत, अर्थात कमी करण्याची मुभा असते. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद तिन्ही एकाच रात्री मिळतात. बिशप हजर नसले तरी बाप्तिस्मा देणाऱ्या फादरना त्या वेळी दृढीकरण देण्याचा अधिकार कायद्यानेच आहे. म्हणजे धर्मांतर करून येणाऱ्याचं दृढीकरण राहून जात नाही, ते राहतं जन्मजात कॅथलिकांचं. बाप्तिस्म्याआधी पापनिवेदन करायचं नसतं. पांढऱ्या वस्त्रासाठी गाऊन शिवण्याची गरज नाही, पांढरा झब्बा किंवा साडी चालते, पण कपाळावर तेल लागणार आणि डोक्यावर पाणी पडणार हे धरून कापड घ्यावं. धर्मपिता किंवा धर्ममाता एक पुरते, पण ती व्यक्ती १६ वर्षांवरची, दृढीकरण झालेली कॅथलिक असावी आणि आई-वडिलांपैकी नसावी. होणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला या जागी उभं करू नये. लॅटिन चर्चमध्ये, म्हणजे रोमन रीतीच्या कॅथलिकांत, आज तो विवाहाचा अडसर नाही, पण पौर्वात्य चर्चच्या, म्हणजे सिरो-मलबारसारख्या केरळी परंपरेच्या कॅथलिकांच्या, कायद्यात अजून आहे. कल्याणच्या सिरो-मलबार महाधर्मप्रांतातल्या मुलाशी वा मुलीशी जुळलं असेल तर हे विशेष लक्षात ठेवावं.

जोडीदार आधीच ख्रिस्ती असेल तर हिशोब वेगळा. अहिल्यानगर, जालना, सोलापूरकडच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट) कुटुंबातल्या मुलीचा पुन्हा बाप्तिस्मा करत नाहीत, तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला चालतो. तिला कॅथलिक व्हायचं असेल तर पापनिवेदन, श्रद्धेची जाहीर कबुली, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद, एवढंच. त्यासाठी ईस्टरची वाट पाहावी लागत नाही आणि आरसीआयएचं पूर्ण वर्ष तिच्यावर लादणं अन्यायाचं आहे. व्हायचं नसेल तर मिश्र विवाहाची परवानगी पुरते. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) वाढलेल्यांची मात्र गोची होते: मुक्तिफौज पाण्याचा बाप्तिस्मा देत नाही, त्यामुळे तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर असूनही कॅनन लॉच्या लेखी ती व्यक्ती बाप्तिस्मा न झालेली, आणि परवानगीऐवजी डिस्पेन्सेशन लागतं. स्वतंत्र पेन्टेकॉस्टल मंडळींत बाप्तिस्मा झाला असेल तर तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिन्ही नावांनी झाला का, हे फादर विचारणारच. पाळकांकडून तसं लिहून आणावं.

दृढीकरण. नियम एका ओळीचा आहे: ज्या कॅथलिकाचं दृढीकरण झालेलं नाही त्याने, मोठी अडचण नसेल तर, लग्नाआधी ते घ्यावं (कलम १०६५). म्हणजे दृढीकरण नाही म्हणून लग्न अडत नाही. पण काही कार्यालयांत हे असं बोललं जातं की जणू अडतंच. मग चार रविवारांची घोकंपट्टी सुरू होते, पवित्र आत्म्याची सात दानं पाठ, बारा फळं पाठ, आणि शाळकरी मुलांच्या रांगेत तीस वर्षांचा इंजिनीअर. या वयाच्या माणसाला मुलांचीच वही देणं ही या सेवेतली सर्वांत मोठी उणीव. चांगल्या धर्मग्रामांत मोठ्यांना आरसीआयएच्या काही वर्गांना बसवतात. तेच मागून घ्यावं.

दुसरी अडचण तारखेची. दृढीकरण सहसा बिशप देतात आणि प्रत्येक धर्मग्रामात ते ठरलेल्या दिवशीच येतात. तुमच्याकडची तारीख लग्नानंतरची असेल तर शेजारच्या धर्मग्रामाच्या गटात सामील होता येतं, किंवा बिशपांनी फादरना खास अधिकार द्यावा म्हणून अर्ज करता येतो. दोन्हीसाठी स्वतःच्या फादरचं पत्र लागतं.

तिसरी अडचण सर्वांत जास्त वेळा येते आणि तिच्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. दृढीकरण झालेलं असतं, पण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याचा शेरा नसतो. बाप्तिस्मा नंदाखालला, शाळा बोरिवलीला, दृढीकरण तिथेच, आणि तिथल्या कार्यालयाने नंदाखालला कळवलंच नाही. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागतात, सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला, आणि त्यावर दृढीकरणाची जागा रिकामी निघते. यासाठी पुन्हा वर्गाला बसू नये. जिथे दृढीकरण झालं तिथून दाखला काढून बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामात नोंद करून घ्यावी. मूळ वहीच नष्ट झाली असेल, तर बाप्तिस्म्याला हजर असलेल्या एका भरवशाच्या साक्षीदाराचं निवेदनही चालू शकतं (कलम ८७६).

एमपीसीकडे वळू. मुंबई आर्चडायोसिसचं (महाधर्मप्रांताचं) माहीमचं स्नेहालय केंद्र या कोर्ससाठी ओळखलं जातं. वसई धर्मप्रांतात मराठीतून कोर्स मिळण्याची सोय आहे आणि बिगर-कॅथलिक जोडीदार असेल तर भाषेचा प्रश्न आधी विचारावा. इंग्रजीतल्या सत्रात निम्मं डोक्यावरून गेलेला मुलगा प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो, तयार होऊन नाही. कोर्स बहुधा दोन-तीन दिवसांचा, शनिवार-रविवारला जोडून. डॉक्टरांचं सत्र आणि अनुभवी जोडप्यांचं सत्र ही त्यातली खरी कमाई. पैशांवरचं सत्र बरं असतं, पण चर्चा बजेटच्या तक्त्यावर अडते. गृहकर्ज कोणाच्या नावावर आणि पगारातून माहेरी किती जाणार, यावर बोलणी होत नाहीत. नैसर्गिक कुटुंबनियोजनाला वेळ मिळतो, तो धावता. बिलिंग्ज पद्धत, म्हणजे शरीराच्या खुणांवरून सुपीक दिवस ओळखण्याची रीत, एका तासात कोणालाही येत नाही. ती खरोखर वापरायची असेल तर तक्ता कसा भरायचा हे शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचा पत्ता तिथेच घ्यावा. थॅलेसेमिया आणि आरएच रक्तगटाची तपासणी डॉक्टरांकडे स्वतःहून विचारावी.

तीनच गुण का? दोन दिवसांत जेवढं होतं तेवढंच होतं. २०२२ साली व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक विभागानेच लग्नाची तयारी महिनोन्‌महिने आणि टप्प्यांनी व्हावी असं सुचवलंय. इथे अजून बहुतेक ठिकाणी हजेरी आणि प्रमाणपत्र यांवरच भर आहे. शक्य असेल तर लग्नाच्या सहा महिने आधीचा कोर्स निवडावा. लग्नाच्या महिन्यातल्या कोर्सला अर्धे लोक पत्रिकांचे फोन घ्यायला बाहेर असतात.

शेवटची पायरी लग्नपूर्व चौकशी. फादर दोघांना वेगवेगळं बसवून शपथेवर विचारतात: लग्न स्वखुशीने आहे का, आधी कुठे लग्न झालंय का, मुलं हवीत का, जन्मभरासाठी बांधून घ्यायची तयारी आहे का. इथे खोटं बोललं तर पुढे लग्नाची वैधताच प्रश्नात येते. मराठी घरांना अडवणारा प्रश्न नात्याचा. मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न आपल्याकडे रीतीला धरून, पण कॅनन लॉच्या मोजणीत सख्खी चुलत-मामे-आते-मावस भावंडं चौथ्या पायरीवर येतात आणि तिथपर्यंत मनाई आहे. बिशपांची सूट लागते, तीही आपोआप मिळत नाही. हे चौकशीच्या दिवशी उघड झालं तर तारीख गेलीच म्हणून समजा. आधीचं लग्न कोर्टात मोडलेलं असेल तरी तेच, मग ते हिंदू पद्धतीने झालेलं का असेना. चर्च ते लग्न वैध धरून चालतं आणि प्रकरण चर्चच्या न्यायासनाकडे जातं. डिसेंबर २०१५ पासून दुसऱ्या न्यायासनाच्या दुजोऱ्याची अट गेली, तरी तिथला निकाल येईपर्यंत हॉलची आगाऊ रक्कम भरू नये.

बॅन्स, म्हणजे होणाऱ्या लग्नाच्या चर्चमधल्या जाहीर घोषणा, सहसा तीन रविवारी वाचल्या जातात, दोघांच्याही धर्मग्रामांत. नावांचा घोळ इथेच पकडला जातो. चर्चच्या वहीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं: घोन्साल्विस, गोन्साल्विस, लोपीस, लोपेस. कार्यालयाकडून एकच व्यक्ती असल्याचा दाखला घ्यावा, कारण पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालताना हीच नोंद पुढे येते. उपवासकाळात लग्न शक्यतो टाळतात, आणि पवित्र शुक्रवार-शनिवारी ते लागतच नाही. २०२७ मध्ये उपवासकाळ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू होत असल्याने नाताळनंतरचा हंगाम आखूड आहे. गोव्यात चर्चआधी सिव्हिल रजिस्ट्रारकडची सही आणि ना हरकत दाखला लागतो, मुंबईच्या सवयीने तिथे गेलेली जोडपी हमखास उशीर करतात.

लग्नानंतर वहीत सही करून निघताना एक चौकशी करावी: बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवण्याचा कागद कोण पाठवणार? तो कार्यालयाने पाठवायचा असतो. महिन्याभराने फोन करून नोंद झाल्याची खात्री करावी आणि महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडची विवाहनोंदणीही त्याच सुमारास उरकावी.